कासरा कोणाच्या हाती?

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीगोंदे तालुक्यात, दौंड-मनमाड लोहमार्गावर, काष्टी हे गाव वसले आहे. शनिवार हा तेथील बाजाराचा दिवस, आणि तेथला जनावरांचा बाजार आसपासच्या जिल्ह्यांतही नावाजलेला. लहानपणी वडिलांचे बोट धरून मी त्या बाजारात गेलो होतो. बैलाचे दात पाहून झाले, त्याला चालवून पाहून झाले, रुमालाखाली बोटे धरून भाव ठरला, नोटा दोनदा मोजल्या गेल्या. आणि मग विकणाऱ्याने कासरा वडिलांच्या हाती दिला. परतीच्या वाटेवर मी भीत भीत विचारले, "तो माणूस रात्री येऊन बैल परत घेऊन गेला तर?" वडील हसले. "कासरा आपल्या हातात आला. आता त्याचा काय संबंध?" एवढेच ते म्हणाले. बाजाराचा सारा कायदा त्या एका वाक्यात सामावलेला होता.

आज पुस्तकांचाही एक नवा बाजार भरला आहे. त्यात कागद नाही, शाई नाही, बांधणी नाही. हाताच्या पंजाएवढ्या यंत्रात शेकडो ग्रंथ मावतात आणि नवा ग्रंथ मिनिटभरात घरी येतो. या यंत्राविषयी आपल्या कुटुंबांतून कुतूहलही आहे आणि थोडी धास्तीही आहे. 'आता छापील पुस्तके संपणार का?' हा प्रश्न सभासंमेलनांतून वारंवार विचारला जातो. मला मात्र तो प्रश्न मुळातच चुकीचा वाटतो. यंत्रे येतात आणि जातात. आपल्या भाषेच्या दृष्टीने खरे प्रश्न दोन आहेत: यंत्रात आपली लिपी आहे काय, आणि घेतलेल्या पुस्तकाचा कासरा कोणाच्या हाती आहे? हे दोन्ही प्रश्न नवे नाहीत. चारशे वर्षांपूर्वी मराठीतील पहिल्या मोठ्या ख्रिस्ती ग्रंथापुढे ते उभे राहिले होते. त्या इतिहासाच्या उजेडात आजच्या बाजाराकडे पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

रायतूरचा ग्रंथ आणि परकी अक्षरे

भारतातील पहिले मुद्रणयंत्र १५५६ साली गोव्यात उतरले. ते खरे तर अ‍ॅबिसिनियाकडे निघाले होते. पण पुढचा प्रवास घडला नाही आणि यंत्र येथेच राहिले. त्यानंतर अवघ्या तेवीस वर्षांनी, १५७९ साली, थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्लंडमध्ये जन्मलेला येशूसंघीय तरुण गोव्यात आला. साष्टी प्रांतातील लोकांमध्ये त्याने चार दशके घालविली, त्यांची भाषा आत्मसात केली, आणि ओवी छंदात सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ग्रंथाचे दोन भाग. पहिल्यात छत्तीस अध्याय आणि दुसऱ्यात एकोणसाठ. १६१६ साली हा ग्रंथ छापून निघाला.

पण तो छापला गेला तो रोमन अक्षरांत. मराठीची थोरवी मुक्तकंठाने गाणारा ग्रंथ मराठीच्या लिपीत छापता आला नाही, ही केवढी विपरीत गोष्ट! यात कवीचा दोष नव्हता. १६०८ साली येशूसंघाच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांना रोमला लिहिलेल्या पत्रात फादर स्टीफन्स यांनी आपली इच्छा कळविली होती. या देशाच्या भाषेत आणि याच देशाच्या लिपीत पुस्तके छापली जावीत, जशी ती मलबारकडे छापली गेली आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. अडचण कोणती, तेही त्यांनी सांगितले. युरोपच्या लिपीला दोन डझन अक्षरांचे साचे पुरतात. येथे मात्र काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे धरून जवळजवळ सहाशे साचे लागणार होते.

मलबारचा दाखला त्यांनी उगाच दिला नव्हता. तमिळ लिपीचे खिळे पाडून कोल्लम येथे १५७८ साली ख्रिस्ती धर्मतत्त्वांचे सोळा पानी पुस्तक छापले गेले होते. तमिळ लिपीत जोडाक्षरांचा पसारा कमी, म्हणून ते काम आधी साधले. मराठीला मात्र वाट पाहावी लागली. यंत्र दारात होते, ग्रंथ तयार होता, वाचक उत्सुक होते. अडले होते ते केवळ अक्षरांपाशी.

छापले ते गेले, लिहिले ते राहिले

या कथेचा पुढचा भाग अधिक विचार करायला लावणारा आहे. ख्रिस्तपुराणाच्या १६१६ नंतर सतराव्या शतकातच आणखी दोन आवृत्त्या निघाल्या, १६४९ आणि १६५४ साली. आज या तिन्ही आवृत्त्यांतील एकही प्रत कोठे असल्याचे ज्ञात नाही. १६८४ साली पोर्तुगीज शासनाने फर्मान काढून स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज शिकण्याची सक्ती केली, आणि लोकभाषेतील छपाईचा तो झरा आटला. यंत्राने छापलेला ग्रंथ यंत्रासह विस्मृतीत गेला.

मग ख्रिस्तपुराण आपल्यापर्यंत आले कसे? ते आले हातांनी. भाविक कुटुंबांनी आणि धर्मगुरूंनी त्याच्या नकला उतरविल्या, घराघरांतून जपल्या, देवळांतून आणि घरांतून गायिल्या. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या कुटुंबांनी तो ठेवा बरोबर नेला. अशा हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे नवी आवृत्ती सिद्ध केली. तीही रोमन लिपीतच होती. १९२३ साली जस्टिन अ‍ॅबट यांनी लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेच्या संग्रहातील देवनागरी हस्तलिखिताकडे विद्वानांचे लक्ष वेधले, आणि मूळ ग्रंथ देवनागरीतच रचला गेला असावा असे मत मांडले. पुढे १९५६ साली प्रा. शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून संपूर्ण देवनागरी आवृत्ती काढली. म्हणजे पहिल्या छपाईपासून देवनागरीतील पूर्ण छापील ग्रंथापर्यंत तब्बल तीनशे चाळीस वर्षे लोटली.

काष्टीकरांना याचा दुसरा दाखला आपल्याच तालुक्यात सापडेल. ख्रिस्तपुराण ज्या शतकात छापले गेले, त्याच शतकात श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद यांनी 'योगसंग्राम' हा ओवीबद्ध ग्रंथ रचला. त्यांच्याजवळ छापखाना नव्हता. होती ती बोरू, दौत आणि शिष्यांची परंपरा. तोही ग्रंथ नकलांच्या वाटेनेच आपल्यापर्यंत पोहोचला. आणखी मागे गेले, तर आपल्याच जिल्ह्यातील नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि तिच्या हस्तलिखित प्रती ताडून पाहून संत एकनाथांनी १५८४ साली शुद्ध पाठ सिद्ध केला. प्रती अनेकांच्या हाती होत्या, म्हणूनच ताडून पाहणे शक्य झाले.

यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. ग्रंथ यंत्रामुळे टिकत नाही. ज्याच्या हाती ग्रंथ आहे त्याला त्याची नक्कल करता येते, तो दुसऱ्याला देता येतो, म्हणून तो टिकतो.

खिळ्यांची दोनशे वर्षे

मराठीची प्रतीक्षा संपली ती १८०५ साली. त्या एकाच वर्षी दोन घटना घडल्या. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. आणि इकडे मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून भगवद्गीता छापली गेली. रायतूरच्या ग्रंथानंतर एकशे एकोणनव्वद वर्षांनी आपली लिपी छापखान्यात स्थिरावू लागली.

त्यानंतर मात्र प्रगती झपाट्याने झाली. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहम यांनी देखणे खिळे तयार केले. त्याच छापखान्यात लहानपणी काम शिकलेल्या जावजी दादाजी यांनी १८६९ साली 'निर्णयसागर' छापखाना सुरू केला, आणि त्यांच्या खिळ्यांची कीर्ती देशभर पसरली. आपला जिल्हाही मागे नव्हता. १८४२ साली अमेरिकन मिशनने 'ज्ञानोदय' नियतकालिक सुरू केले ते नगरलाच. १९०३ साली जर्मन येशूसंघीय फादर हेन्री डोरिंग यांनी राहुरीजवळच्या केंदळ या खेड्यातून 'निरोप्या' मासिक सुरू केले. बैलगाडीच्या त्या काळात खेड्यातील एक धर्मगुरू मासिक काढू शकला, याचे श्रेय त्याच्या जिद्दीला आहे, तसेच तोवर सुलभ झालेल्या देवनागरी खिळ्यांनाही आहे. लिपी यंत्रात बसली, तेव्हा खेडेही संपादक होऊ शकले.

संगणकावर तीच कहाणी

विसाव्या शतकाच्या अखेरीस खिळ्यांच्या जागी संगणक आला, आणि सहाशे साच्यांचा जुना प्रश्न नव्या वेषात पुढे उभा राहिला. संगणक इंग्रजीसाठी घडविलेला. 'कि' लिहिताना वेलांटी उच्चारात नंतर येते, पण कागदावर आधी दिसते. 'क्ष' किंवा 'स्त्र' लिहिताना अनेक अक्षरे एकमेकांत मिसळतात. हे यंत्राला कळावे कसे?

या प्रश्नावर पुण्याच्या सी-डॅक संस्थेत मोलाचे काम झाले. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही संकेतप्रणाली १९९१ साली राष्ट्रीय मानक ठरली, आणि त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांना एका सूत्रात गुंफणाऱ्या 'युनिकोड'ची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात देवनागरी होती. पण मानक तयार होणे वेगळे आणि ते घरोघरी पोहोचणे वेगळे. दरम्यानच्या वर्षांत निरनिराळ्या कंपन्यांनी आपापले फाँट विकले. प्रत्येकाचे संकेत निराळे. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की अक्षरांऐवजी चिन्हांचा चिवडा दिसे.

याचा चटका मी स्वतः अनुभवला आहे. आमच्या धर्मग्रामासाठी आम्ही काही जणांनी मिळून गीतपुस्तिका टाईप केली होती. कित्येक संध्याकाळी त्या कामी लागल्या. दहा-बारा वर्षांनी दुसरी आवृत्ती काढायची म्हणून जपून ठेवलेली फाइल नव्या संगणकावर उघडली, तर एकही ओळ वाचता येईना. जुना फाँट मिळेना, मिळाला तो चालेना. शेवटी एका आजीबाईंच्या उशाशी असलेली छापील पुस्तिका आणून सारे पुन्हा टाईप करावे लागले. या वेळी ते युनिकोडमध्ये केले. यंत्रातली प्रत मुकी झाली होती. हातातली बोलत होती.

विंडोज २००० या प्रणालीपासून देवनागरी युनिकोड सर्वसामान्य संगणकावर दिसू लागले. तिच्याबरोबर आलेला 'मंगल' हा फाँट मराठी सुलेखनकार आणि कवी प्रा. र. कृ. जोशी यांनी घडविला होता. ज्या कामासाठी फादर स्टीफन्स यांनी रोमकडे साकडे घातले, ते काम चार शतकांनंतर एका मराठी कलावंताच्या हातून नव्या यंत्रासाठी पार पडले.

वाचनयंत्राचा बाजार

आता प्रत्यक्ष वाचनयंत्राकडे वळू. पुस्तक संगणकात उतरविण्याची कल्पना तशी जुनी. अमेरिकेत मायकेल हार्ट यांनी १९७१ सालीच त्या कामाचा आरंभ केला, आणि त्यातून 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' हा विनामूल्य ग्रंथसंग्रह उभा राहिला. हातात धरून वाचता येईल अशी यंत्रे १९९८ साली तेथे विक्रीस आली. परंतु चकाकणारा पडदा डोळ्यांना शिणवी आणि विजेरी लवकर उतरे, म्हणून ती रुजली नाहीत.

अडचण सोडविली ती 'ई-इंक' या तंत्राने. या पडद्यात अतिशय सूक्ष्म कुप्या असतात आणि प्रत्येक कुपीत काळे व पांढरे कण. विजेच्या इशाऱ्याने काळे किंवा पांढरे कण वर येतात आणि अक्षर उमटते. एकदा उमटले की ते तसेच ठेवण्यासाठी वीज लागत नाही. त्यामुळे विजेरी कित्येक दिवस टिकते, आणि दुपारच्या लख्ख उन्हात, बांधावर बसूनही, कागदासारखे वाचता येते. असे पहिले यंत्र सोनी कंपनीने २००४ साली जपानमध्ये आणले. गंमत अशी की, त्यावर घेतलेले पुस्तक साठ दिवसांनी आपोआप बंद होत असे. अर्थातच लोकांनी त्याकडे पाठ फिरविली. नोव्हेंबर २००७ मध्ये अ‍ॅमेझॉनने 'किंडल' बाजारात आणले. किंमत ३९९ डॉलर. पहिला साठा साडेपाच तासांत संपला. यंत्राबरोबर लाखभर पुस्तकांचे दुकानही होते, हे त्या यशाचे मर्म होय.

पण त्या यंत्रात देवनागरी नव्हती. रायतूरची कहाणी पुन्हा घडली: यंत्र आले, लिपी मागे राहिली. भारतात २०१० साली अहमदाबादच्या इन्फीबीम कंपनीने 'पाय' नावाचे वाचनयंत्र ९,९९९ रुपयांना आणले आणि त्यात भारतीय भाषांची सोय दिली. उपक्रम स्तुत्य होता. पण वाचायला पुरेशी पुस्तके नसतील तर यंत्र घेऊन करायचे काय? ते फार काळ टिकले नाही. किंडलचे भारतीय दुकान २०१२ साली उघडले, तेही प्रामुख्याने इंग्रजी पुस्तकांचे. डिसेंबर २०१६ मध्ये हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमबरोबर मराठीची पुस्तके किंडलवर रीतसर उपलब्ध झाली.

वाचकांनी ही दोन वर्षे शेजारी मांडून पाहावीत. १६१६ साली मराठी ग्रंथ परक्या अक्षरांत छापला गेला. २०१६ साली जगातील सर्वांत मोठ्या ई-पुस्तक बाजारात मराठी अक्षरांना जागा मिळाली. मध्ये नेमकी चारशे वर्षे गेली.

तोवर मराठी माणूस हात बांधून बसला होता, असे मात्र नाही. २००८ साली सुनील सामंत यांनी 'ई साहित्य प्रतिष्ठान' सुरू करून मराठी ई-पुस्तके विनामूल्य वाटण्यास आरंभ केला. मंदार जोगळेकर यांच्या 'बुकगंगा'ने पुण्याहून मराठी ई-पुस्तकांची पेठ उभी केली, आणि परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांना टपालखर्चाशिवाय पुस्तके मिळू लागली. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने संकेतस्थळावर मोफत ठेवली. मराठी विश्वकोशही संकेतस्थळावर वाचता येतो.

बाजार मात्र चंचल राहिला. फ्लिपकार्टने २०१२ साली सुरू केलेला ई-पुस्तकांचा व्यवसाय २०१५ अखेर सोडून दिला. वस्तू व सेवा कर २०१७ साली आला तेव्हा छापील पुस्तक करमुक्त राहिले, पण ई-पुस्तकावर अठरा टक्के कर बसला. जुलै २०१८ मध्ये, छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकांपुरता तो पाच टक्क्यांवर आला. २०१६ पासून मोबाईलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि आपल्या खेड्यापाड्यांतील वाचन वेगळ्या यंत्राऐवजी मोबाईलवरच होऊ लागले. २०१७ च्या नोव्हेंबरात 'स्टोरीटेल'ने मराठी श्राव्य पुस्तके आणली. शेतात काम करताना किंवा स्वयंपाक करताना कादंबरी ऐकणारी माणसे दिसू लागली. आणि निव्वळ वाचनयंत्र? २०२५ च्या एप्रिलमध्ये किंडलची नवी 'पेपरव्हाइट' आवृत्ती भारतात आली ती १६,९९९ रुपयांना. शेतकरी कुटुंबाला हा आकडा दोनदा विचार करायला लावणारा आहे.

अक्काचा प्रश्न

या यंत्राचे गुण मी नाकारीत नाही. माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, नजर मोतीबिंदूनंतर अधू झाली. वाचनाचे वेड असलेली ही बाई पुस्तके मिटून बसली होती. तिच्या मुलाने पुण्याहून एक वाचनयंत्र आणून दिले. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते हे कळल्यावर तिचा चेहरा जो उजळला, तो मी विसरणार नाही. दोन वर्षांत तिने चाळीसेक मराठी पुस्तके विकत घेऊन वाचली. एके दिवशी ती मला सहज म्हणाली, "मी गेल्यावर ही सगळी पुस्तकं तुझ्याकडे येतील ना रे? कपाटातल्या पुस्तकांबरोबर हीपण तुलाच."

मी भाच्याला विचारले. त्याने कराराचा मजकूर काढून दाखविला. कपाटातील पुस्तके मला मिळतील. ही मिळणार नाहीत. ती अक्काची कधी नव्हतीच. तिने पैसे मोजले होते ते वाचनाच्या परवान्यासाठी, आणि तो परवाना दुसऱ्याला देण्याची मुभा करारात नव्हती. अक्काला हे सांगण्याचा धीर मला अजून झालेला नाही.

हे केवळ एका घरचे गाऱ्हाणे नव्हे. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांच्या '१९८४' या कादंबरीची एक आवृत्ती, ती विकणाऱ्यास हक्क नव्हते या कारणास्तव, वाचकांच्या यंत्रांतून दूरवरून पुसून टाकली. पैसे परत मिळाले, कंपनीने क्षमाही मागितली. पण विकलेल्या पुस्तकाचा कासरा विक्रेत्याच्याच हाती राहिला होता, हे जगाला कळले. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. ग्राहकांना पैसे तेवढे परत मिळाले. चीनमधील किंडलचे दुकान जून २०२३ अखेर बंद झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉनने किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून तारेने यंत्रात घेण्याची सोय काढून टाकली. त्याच वर्षी १ जानेवारीपासून अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, ग्राहकाला मिळतो तो परवाना आहे, मालकी नव्हे, हे विक्रेत्याने स्पष्ट सांगावे, असा कायदा अमलात आला.

विक्रेत्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. कुलूप नसेल तर एका प्रतीच्या हजार प्रती फुकट फिरतात, आणि लेखक-प्रकाशकांच्या पोटावर पाय येतो. आपले मराठी प्रकाशक आधीच तोळामासा प्रकृतीचे. चोरीला आळा हवाच. पण काष्टीच्या बाजारातही चोरीचे भय असते. म्हणून कोणी विकलेल्या बैलाचा कासरा आपल्या खुंट्याला बांधून ठेवीत नाही.

आपल्या हाती काय?

मग आपण करावे काय? वाचनयंत्र वापरू नये असे मी म्हणणार नाही. अधू नजरेच्या वडीलधाऱ्यांना, परदेशी राहणाऱ्या मुलाबाळांना आणि ज्यांच्या गावात पुस्तकाचे दुकान नाही अशांना ते वरदानच आहे. परंतु जे ग्रंथ पुढच्या पिढीला द्यावयाचे आहेत, ते परवान्यावर सोपवू नयेत. त्यांची छापील प्रत घरात असावी, अथवा कुलूप नसलेली ई-प्रत असावी, जी एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात नेता येते.

दुसरे काम अधिक निकडीचे आहे. आपल्या समाजाचा लिखित ठेवा कोणत्याही बाजारात विक्रीला नाही. जुन्या मासिकांचे अंक, धर्मग्रामांच्या स्मरणिका, गीतपुस्तिका, आजोबांनी वहीत उतरविलेल्या प्रार्थना हे सारे पत्र्याच्या पेट्यांत वाळवी खात आहे. कोणतीही कंपनी ते वाचवायला येणार नाही, कारण त्यात नफा नाही. ते आपणच छायाचित्रित करावे, युनिकोडमध्ये उतरवावे आणि एका नव्हे, दहा ठिकाणी ठेवावे. कायद्याचीही येथे अनुकूलता आहे. आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी ग्रंथ सर्वांचा होतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली आणि लक्ष्मीबाई १९३६ साली निवर्तल्या. त्यांनी प्रसिद्ध केलेले साहित्य आज कोणालाही उतरविता आणि वाटता येते. फादर स्टीफन्स यांच्या ओव्यांविषयी तर बोलायलाच नको. ज्या साहित्याचे हक्क अद्याप लेखकाकडे किंवा त्याच्या वारसांकडे आहेत, त्यांची मात्र रीतसर परवानगी घ्यावी.

प्रत्येक धर्मग्रामात टाईप करू शकणारी चार तरुण मुले आज सहज मिळतात. सुट्टीच्या एका महिन्यात एखाद्या जुन्या मासिकाचे दोन अंक त्यांच्या हातून उतरविले जाऊ शकतात. सतराव्या शतकात ज्या अनाम हातांनी बोरूने ख्रिस्तपुराणाच्या नकला केल्या, त्यांचे काम याहून किती तरी कठीण होते. त्यांनी ते केले नसते, तर आज आपल्याजवळ केवळ एका हरवलेल्या ग्रंथाचे नाव उरले असते.

चारशे वर्षे आपण अक्षरांसाठी वाट पाहिली. आता अक्षरे मिळाली आहेत. छापखान्यात, संगणकात, मोबाईलमध्ये, वाचनयंत्रात, सर्वत्र मिळाली आहेत. उरला आहे तो दुसरा प्रश्न.

काष्टीला आजही शनिवारी बाजार भरतो. परवा दौंडहून परतताना तेथे थोडा वेळ थांबलो होतो. एक म्हातारा शेतकरी नुकताच घेतलेला खोंड घेऊन रस्त्याच्या कडेने चालला होता. खोंड नव्या मालकाला बुजत होता, ओढ घेत होता. पण म्हाताऱ्याने कासऱ्याचा वेढा मनगटाभोवती घट्ट घेतला होता. घरी आल्यावर अक्काला सांगितले, "तुला आवडलेल्या पुस्तकांतली निवडक दहा पुस्तके मला सांग. ती छापील मागवू या."

"का रे, यंत्रात आहेत की," ती म्हणाली.

"असू देत," मी म्हणालो. "कपाटातही असू देत."